पाठीचें दुखणें आणि औषधाचा हिशेब

भाताची शेती ही कंबर वांकवून करावयाची शेती आहे. राबाची भाजणी, आवणी, बेणणी, कापणी, झोडणी यांतील बहुतेक कामें ओणव्यानें करावीं लागतात, आणि उरलेलीं डोक्यावर भार घेऊन. खारेपाटांत त्यांत बांधाच्या मातीची भर पडते. त्यामुळें पेण तालुक्याच्या खाडीकांठीं काय किंवा रोह्याच्या कुंडलिकेकांठीं काय, पन्नाशी उलटलेला आणि कंबर न दुखणारा शेतकरी क्वचितच भेटतो. परंतु या लेखाचा विषय तें दुखणें नव्हे. त्यावर वर्षानुवर्षें जें औषध घेतलें जातें, तें वाढवावें, कमी करावें, बदलावें कीं बंद करावें, हें ठरविण्याचे वेळीं शेतकरी आणि डॉक्टर यांच्यांत जें बोलणें व्हावयास पाहिजे आणि होत नाहीं, त्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. शेतीच्या मासिकांत औषधाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. ज्याच्या घरांतील कर्ता मनुष्य मूत्रपिंडें बिघडून आठवड्यांतून दोन-तीन वेळां डायलिसिसला जातो, त्या घराच्या शेतीचें काय होतें हें ज्यांनीं पाहिलें आहे, ते असा प्रश्न विचारणार नाहींत.

या बाबतींत प्रस्तुत लेखक इतरांस शहाणपण शिकविण्याच्या स्थितींत नाहीं, हें आरंभींच कबूल करणें बरें. खारेपाटांत माझी थोडी भातशेती आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका आवणींत कंबर धरली. डॉक्टरांस दाखविलें, त्यांनीं तपासून पांच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या व पुन्हां दाखवावयास सांगितलें. पांच दिवसांत बरें वाटलें, म्हणून मी पुन्हां गेलों नाहीं. आणि पुढें दुखूं लागलें तेव्हां रिकामी पट्टी दुकानांत दाखवून तीच गोळी आणिली. पांच दिवसांचें औषध असें अडीच वर्षें चाललें. मध्यंतरीं रक्तदाब निघाला. त्याचे डॉक्टर निराळे. त्यांच्या गोळ्या मी नेमानें घेतल्या, परंतु कंबरेच्या गोळीची गोष्ट त्यांच्याजवळ काढली नाहीं; रक्तदाबाच्या डॉक्टरांस कंबरेचें काय सांगावयाचें, अशी माझी समजूत. रोह्यास माझे मेहुणे असतात. त्यांचेंही हेंच दुखणें. एकदां मुक्कामास गेलों असतां त्यांनीं आपल्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या प्रेमानें माझ्या हातीं ठेवल्या. त्याही मी माझ्या गोळीच्या जोडीला सुरू केल्या.

पुढें पायांवर सूज दिसूं लागली, तेव्हां रक्तदाबाच्या डॉक्टरांनीं विचारलें, “काका, दुखण्याखुपण्यावर आणखी कांहीं घेतां काय?”

“तसें विशेष कांहीं नाहीं. कधीं मधीं एखादी गोळी.”

“एखादी म्हणजे आठवड्यांत किती?”

मी उत्तर जुळवीत होतों, तोंच शेजारीं बसलेली माझी पत्नी म्हणाली, “एखादी कसली, डॉक्टरसाहेब! रोज दोन, आणि आवणीच्या दिवसांत तीन. शिवाय माझ्या दादानें दिलेल्या निराळ्याच.”

रक्त तपासलें, तों क्रिएटिनिन वाढलेलें. वेदनेच्या दोन्ही गोळ्या त्या दिवशीं बंद झाल्या, रक्तदाबाची एक बदलली, आणि कांहीं महिन्यांनीं क्रिएटिनिन खालीं आलें. पूर्ववत् मात्र झालें नाहीं. आणखी वर्ष-दोन वर्षें तो प्रश्न कोणी विचारला नसता, किंवा पत्नी बरोबर नसती, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग बहुधा आला नसता.

असें कां होतें, हें समजून घेण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीचीं औषधें शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें कमी करतात. या द्रव्यांमुळें सूज व वेदना वाढते. परंतु त्यांच्यामुळेंच जठराच्या आंतील अस्तराचें रक्षण होतें, आणि शरीरांत पाणी कमी पडलें असतां मूत्रपिंडांस होणारा रक्ताचा पुरवठाही टिकून राहतो. तेव्हां गोळीनें वेदना थांबते, त्याच वेळीं हें रक्षणही कमी होतें. घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा, त्यांतून रक्तदाबाच्या कांहीं विशिष्ट गोळ्या किंवा लघवी वाढविणारें औषध घेणारा मनुष्य असला, म्हणजे मूत्रपिंडांवर तिहेरी संकट येतें. खारेपाटांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची काय अवस्था असते हें सांगावयास नको. ज्या दिवसांत हंडाभर पाण्यासाठीं वाट पाहावी लागते, त्याच दिवसांत बांधाचें काम निघतें, आणि त्याच दिवसांत ही गोळी सर्वांत अधिक खपते.

या औषधाचा एक पराक्रम शेतकऱ्यांस ठाऊक असावयास हवा. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक सर्रास टोंचलें जाऊं लागलें, आणि त्या गुरांचीं प्रेतें खाणारीं गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मरूं लागलीं. १९९० नंतरच्या सुमारें दीड दशकांत देशांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा ९९ हून अधिक घटलीं. २००४ सालीं कारण उघडकीस आलें आणि २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं या औषधाचा वापर बंद केला. आपल्या जिल्ह्यांत म्हसळा तालुक्यांतील चिरगांव येथें उरल्यासुरल्या गिधाडांच्या रक्षणाचें काम व्हावें लागलें, तें यामुळेंच. मनुष्याचीं मूत्रपिंडें गिधाडाइतकीं नाजूक नाहींत, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं हें औषध लाखों लोकांस उपयोगी पडतें, हेंही खरें. परंतु गोठ्यांतील बैलाला कोणतें इंजेक्शन द्यावें याची चौकशी देशानें केली. आपण स्वतः रोज काय गिळतों याची चौकशी आपण करीत नाहीं.

दोष कोणाचा? प्रथम आपला पाहूं. आपण डॉक्टरांपासून तीन गोष्टी लपवितों. पहिली, गोळ्यांची खरी संख्या. दुसरी, दुसऱ्या डॉक्टरांचीं, शेजाऱ्याचीं व दुकानांतून परस्पर आणिलेलीं औषधें. तिसरी, बाजारांत कोणाकडून तरी घेतलेली बिननांवाची पुडी. या तिसरीविषयीं विशेष सांगावयाचें तें असें कीं, जी पुडी दोन दिवसांत जादूसारखा गुण देते, तिच्यांत पुष्कळदां स्टिरॉइड मिसळलेलें आढळतें. तें दीर्घकाळ पोटांत गेल्यास हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि एकाएकीं बंद केल्यास जिवावर बेततें. म्हणून अशी पुडी घेत असाल तर ती गुपचूप टाकून देऊं नका. ती खिशांत घालून डॉक्टरांकडे न्या. लपविण्याचें कारण बहुधा लबाडी हें नसतें, भीड असतें. डॉक्टर रागावतील, बाहेर माणसें खोळंबलीं आहेत, आपल्याला नीट सांगतां यावयाचें नाहीं, असें वाटतें. परंतु खतांच्या बाबतींत आपण असें वागत नाहीं. पीक पिवळें पडलें तर युरियाच्या किती गोणी टाकल्या, केव्हां टाकल्या, हें कृषि-अधिकाऱ्यास तिथीवार सांगतों. कारण तें सांगितल्यावांचून त्याचा सल्ला निरुपयोगी आहे हें आपणांस कळतें.

डॉक्टरांचाही दोष नाहीं असें नाहीं. “पांच दिवस घ्या” असें सांगतांना सहाव्या दिवशीं काय करावयाचें तें सांगितलें जात नाहीं. शेतकऱ्यास “विश्रांति घ्या” असें आषाढांत सांगणें म्हणजे कांहींच न सांगण्यासारखें आहे. आवणीचे दिवस कोणासाठीं थांबत नाहींत. ज्याला पंधरा दिवस ओणवें राहावयाचेंच आहे, त्याला तें कसें निभवावें हें सांगणारा डॉक्टर पाहिजे. पण तशी योजना आंखण्यास डॉक्टरांपाशीं माहिती पाहिजे, आणि ती माहिती आपल्याच घरीं असते.

म्हणून माझें म्हणणें असें आहे. दीर्घकाळच्या दुखण्यावरील औषधाचें प्रमाण ही एकदां ठरवून सोडून देण्याची गोष्ट नव्हे. ओहोटीला उघाडी उघडावी लागते आणि भरतीला मिटावी लागते, तसें तें प्रमाण काम, वय, ऋतु व शरीराच्या इतर व्याधि पाहून वेळोवेळीं बदलावें लागतें. आणि तें दोघांनीं मिळून बदलावें. शेतकऱ्यानें एकट्यानें बदललें तर काय होतें तें मी भोगलें आहे. डॉक्टरानें माहितीवांचून बदललें तर तो अंदाज ठरतो.

त्यासाठीं शेतकऱ्यानें काय करावें? घरीं असलेल्या सर्व पट्ट्या, बाटल्या व पुड्या एका पिशवींत घालून न्याव्या. आठवडाभर एका वहींत टिपून ठेवावें: कोणत्या दिवशीं कोणतें काम केलें, केव्हां दुखलें, किती गोळ्या घेतल्या, जेवणापूर्वीं कीं जेवणानंतर. “फार दुखतें” या शब्दांतून डॉक्टरांस थोडेंच कळतें. “पाण्याची कळशी उचलवत नाहीं”, “रात्रीं कूस बदलतांना जाग येते”, “तासभर ओणवें राहिलों कीं डाव्या पायांत झिणझिण्या येतात”, असें सांगितलें कीं औषधानें काय साधावयाचें तें ठरतें. दुखणें मुळींच नाहींसें करूं अशी अपेक्षा ठेवली तर गोळ्या वाढतच जातात. अमुक एक काम करतां यावें अशी अपेक्षा ठेवली तर पुष्कळदां कमी गोळ्यांत भागतें. मग विचारावें: ही गोळी किती दिवस? गुण न आल्यास दोन घ्याव्या कीं परत यावें? माझ्या इतर औषधांशीं हिचें जमतें काय? पोटासाठीं जोडीला कांहीं हवें काय? रक्त केव्हां तपासावें? आणि निघण्यापूर्वीं डॉक्टरांनीं जें सांगितलें तें आपल्या शब्दांत त्यांना परत सांगावें. यांत कमीपणा नाहीं.

औषधांच्या जाति निराळ्या आणि कमीअधिक करण्याच्या रीतीही निराळ्या, हें ध्यानांत ठेवावें. डायक्लोफेनॅकच्या जातीचें औषध थोड्यांत थोडें आणि थोड्यांत थोडे दिवस, हा नियम. त्याला एक मर्यादा असते. प्रौढ मनुष्यास डायक्लोफेनॅक दिवसाला फार तर १५० मिलिग्रॅम. मर्यादेपलीकडे गुण वाढत नाहीं, अपाय मात्र वाढतो. आणि या जातीचीं दोन औषधें एकदम घेतलीं तर तोच प्रकार होतो. पुष्कळ जोडगोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतें. त्यांवर तापाची म्हणून पॅरासिटामॉलची गोळी निराळी घेतली तर दिवसाची बेरीज न कळत वाढते; ती चार ग्रॅमपलीकडे कधींच जाऊं नये, आणि दारू घेणाऱ्याच्या यकृतास त्याहून कमी प्रमाणही सोसत नाहीं. शीर दाबली जाऊन पाय दुखत असेल तर प्रीगॅबॅलिनसारखें औषध देतात. तें हळूहळू वाढवावयाचें व हळूहळू कमी करावयाचें असतें. आरंभीं घेरी येते, म्हणून त्या दिवसांत पॉवर टिलरवर किंवा अरुंद बांधावर जपून असावें. अमिट्रिप्टिलिन रात्रीं थोड्या प्रमाणांत देतात. हें मनाच्या आजाराचें औषध आहे असें कोणी सांगितलें म्हणजे आपला मनुष्य रागावून तें टाकून देतो. तें मनाच्या आजारावर देतात हें खरें, पण शिरेच्या वेदनेवरही तें चालतें, आणि त्याचा गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात. ट्रामाडॉल तर अफूच्या वळणाचें. २०१८ सालीं तें अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणिलें गेलें. या शेवटच्या तीन औषधांपैकीं कोणतेंही एकाएकीं बंद करूं नये. हा लेख वाचून भीतीनें सारीं औषधें उकिरड्यावर टाकणारा वाचक माझा हेतु उलटाच करील.

“गोळी नाहीं तर शेती नाहीं,” असें माझे एक शेजारी म्हणतात. त्यांचें म्हणणें मी उडवून लावीत नाहीं. दुखणें सोसत बसण्यांत पुण्य नाहीं. आणि आवणीचे पंधरा दिवस डॉक्टरांच्या संमतीनें औषध थोडें वाढवून, पुढें श्रावणांत तें उतरविणें ही सरळ योजना होऊं शकते. मात्र ज्याचीं मूत्रपिंडें आधींच दुखावलीं आहेत, त्याच्यासाठीं ही वाट बंद होते; माझ्यासाठीं ती झाली आहे. माझ्या मेहुण्यांची अडचण निराळी. भिऱ्याच्या वीजगृहांतून सुटलेलें पाणी डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनीं रोह्याकडे येतें, म्हणून तिकडे उन्हाळी भात होतो. वर्षाला दोन आवण्या आल्या. कंबरेला उसंत कोठली? एकपिकी खारेपाटांतल्या मनुष्याची योजना त्यांना लागू पडत नाहीं. म्हणूनच एकाची पट्टी दुसऱ्यानें उसनी घेऊं नये.

पावसाळ्यांत आणखी एक सावधगिरी. चिखलांत काम करणाऱ्यांस कोंकणांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्यांत ताप येतो, कंबर व पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात, आणि मूत्रपिंडांवर घाला येतो. नेहमींचीच कंबर समजून अशा वेळीं वेदनेची गोळी घेतली, तर ताप झांकला जातो आणि आधींच संकटांत असलेल्या मूत्रपिंडांवर भार पडतो. तेव्हां पावसाळ्यांत तापाबरोबर कंबर दुखली तर गोळी न घेतां त्याच दिवशीं आरोग्यकेंद्र गांठावें. तसेंच लघवीचा ताबा सुटणें, बैठकीची जागा बधिर होणें, पायांतील शक्ति जाणें, काळी शौचास होणें, वजन घटत जाऊन रात्रीं दुखणें, या खुणा दिसतांच वहीची व पिशवीची वाट पाहूं नये.

औषध कमी व्हावयाचें तर कामाची रीतही थोडी बदलली पाहिजे. जगांत २०२० सालीं सुमारें ६१ कोटी ९० लक्ष लोक कंबरदुखीनें पीडित होते. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें या दुखण्याविषयीं ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत दुखण्याची नीट समजूत करून देणें व व्यायाम यांवर भर आहे. कंबरपट्टे, ओढ देणें आणि अफूच्या जातीचीं औषधें नित्याचे उपाय म्हणून करूं नयेत असें म्हटलें आहे. शेतांतही उपाय आहेत. दापोलीच्या कृषि विद्यापीठाचा वैभव विळा कापणीचे श्रम कमी करतो. नेरळच्या सगुणा बागेंत श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं बसविलेल्या पद्धतींत गादीवाफ्यांवर भात टोकतात. चिखलणी व आवणी दोन्ही टळतात. खारेपाटांतील पाणी तुंबणाऱ्या खाचरांत ती सर्वत्र बसेल असें नाहीं. परंतु वरकडील जमिनींत तिचा प्रयोग करून पाहण्यास खतांच्या हिशेबाइतकेंच कंबरेचें कारणही पुरेसें आहे.

शेवटीं आपल्या संघास एक विनंति. बियाणें व खतें यांचें वांटप आपण मृगापूर्वीं करतों. त्याच वेळीं प्रत्येक सभासदाच्या खतांच्या वहींत औषधांसाठीं एक कोरें पान जोडावें, आणि पेण व रोहा येथील सरकारी रुग्णालयांत मृगापूर्वीं एकदां जाऊन तें पान डॉक्टरांसमोर ठेवण्याचा परिपाठ पाडावा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागानें १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. तेव्हां पैशाची सबब उरलेली नाहीं. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं पिशवी न्यावी, आणि घरांतील ज्या माणसास गोळ्यांची खरी संख्या ठाऊक असते त्याला बरोबर न्यावें. माझ्या बाबतींत उपयोगी पडलें तें हेंच.